रजिस्टरमधला बुधवार

कुणी नमस्कार केला की माणूस समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघतो. ते हातांकडे बघायचे. हातात काय आहे, बोटांना काय लागलंय, जोडलेल्या तळव्यांच्या मध्ये काही राहून तर गेलं नाही, एवढं पाहून झालं की मग सावकाश "नमस्कार, नमस्कार" म्हणायचे. मी शाळेत रुजू झालो त्या दिवशी माझ्या हातात नेमणुकीचं पत्र होतं. ते त्यांनी मागून घेतलं, खिडकीच्या उजेडात आरपार पाहिलं आणि "बराबर आहे" म्हणून परत दिलं. मी त्यांना प्राचार्य समजून वाकून नमस्कार केला. ते प्रयोगशाळेचे सहायक आहेत आणि नेमणुकांशी त्यांचा काडीचाही संबंध नाही, हे मला दुपारी कळलं.

उज्जैनमधल्या मराठी मंडळींच्या एका संस्थेची ती शाळा. मी तिथे संगणक शिकवायला लागलो, कंत्राटी. म्हणजे दर उन्हाळ्यात नवं पत्र हातात पडेल तेव्हा नोकरी खरी. आईवडील देवासला, मी माधव नगरात भाड्याच्या एका खोलीत. संगणक विजेवर चालतो आणि बिघडतो, म्हणजे तो उपकरण, आणि शाळेतलं प्रत्येक उपकरण त्यांच्या ताब्यात, असा तिथला न्याय होता. त्यामुळे माझी संगणकांची खोली कागदोपत्री त्यांच्या रसायनांच्या कपाटाला जोडलेली होती, आणि मी त्या खोलीत ये-जा करणारा एक संशयित होतो.

सगळे त्यांना काका म्हणायचे, मीही म्हणू लागलो. अंगानं बारीक, उंचीनं बेताचे, आणि बारा महिने अंगात एक खाकी कोट, ज्याला मी मोजलेले खिसे सात होते. भैरवगढहून सायकलवर यायचे. सायकलला कुलपं दोन, किल्ल्या दोन वेगळ्या खिशांत. "एक खिसा कापला गेला तर?" हे त्यावरचं त्यांचं स्पष्टीकरण. कुणी म्हणे, त्यांचे पूर्वज पेशव्यांच्या काळी कुठल्याशा दरबारी कोठारावर कारकून होते. खरंखोटं कोण जाणे, पण सात पिढ्या कोठार राखल्याशिवाय माणसाची नजर अशी होत नाही, असं माझं मत आहे.

त्यांना संशयी म्हटलेलं मात्र खपायचं नाही. "मी संशय नाही घेत," म्हणायचे, "मी खात्री करतो." प्रॅक्टिकल संपलं की परीक्षानळ्या मोजल्याशिवाय वर्ग सुटत नसे. बीकरवर, स्टँडवर, अगदी चिमट्यांवरही त्यांनी हिऱ्याच्या पेन्सिलीनं नंबर कोरले होते. एकदा एक परीक्षानळी कमी भरली. अकरावीचा अख्खा वर्ग आणि रसायनशास्त्राच्या बाई, सगळ्यांना त्यांनी अर्धा तास अडवून धरलं. नळी सापडली ती त्यांच्याच कोटाच्या चौथ्या खिशात. दुसरा कुणी असता तर हसून वेळ मारून नेली असती. यांनी स्वतःला लेखी खुलासा मागितला. त्यावर स्वतःच उत्तर लिहिलं. पहिलं उत्तर असमाधानकारक वाटलं म्हणून स्वतःलाच दुसरं लिहायला लावलं, आणि तिन्ही कागद फायलीला लावले. ती फाइल मी डोळ्यांनी पाहिली आहे. पहिल्या उत्तरावर लाल शाईत शेरा आहे : "कारण दिले आहे, चूक कबूल केलेली नाही."

त्यांचा खरा जीव होता डेड स्टॉक रजिस्टरमध्ये. शाळेत आलेली प्रत्येक वस्तू त्यात चढायची आणि मोडली, जळाली, निकामी झाली की त्याच रजिस्टरमध्ये कंडम म्हणून तिचा शेवट व्हायचा. तारखेबरोबर ते वारही लिहायचे. मी एकदा विचारलं, तारीख असताना वार कशाला? म्हणाले, "तारीख मागाहून कोणी पण टाकतं सर. वार जुळवायला डोकं लागतं, अन् खोटं लिहिणाऱ्याला तेवढी फुरसत नसते." कंडमच्या प्रत्येक नोंदीवर प्राचार्य मॅडमची सही लागायची. मॅडम कामाच्या रगाड्यात बुडालेल्या. काकांनी रजिस्टर पुढे धरलं की त्या पान न बघता, दुसऱ्याशी बोलता बोलता, दहादहा सह्या ठोकून द्यायच्या. हे सांगून ठेवतो, कारण पुढे त्याचं काम पडणार आहे.

शाळेत नवे संगणक आले तेव्हाची गोष्ट. बाकीच्यांत ऑपरेटिंग सिस्टिम आधीच घातलेली होती. ही सिस्टिम नसेल तर संगणक म्हणजे नुसता पत्र्याचा डबा. मुख्य संगणकासाठी, ज्यात मुलांचे सगळे गुण आणि दाखले राहणार होते, संस्थेनं तिचा वेगळा डबाबंद परवाना घेतला. डब्यात एक सीडी आणि पंचवीस अक्षरांची एक की, म्हणजे परवान्याची किल्ली, छापलेली चिठ्ठी. मी सीडी घातली. पडद्यावर कराराचा भलामोठा मजकूर आला आणि खाली "मला मान्य आहे" असं बटण. मी माउस तिकडे नेला, तोच खांद्यावर हात पडला.

"काय कबूल करून राहिले सर? वाचलं का?"

मी म्हटलं, काका, हे कुणीच वाचत नाही. ते म्हणाले, कोणी वाचत नाही म्हणूनच तर इतकं लिहितात. करार छापून द्यावा लागला. चांगला जाड गठ्ठा झाला. तो घेऊन ते घरी गेले आणि अकरा दिवस इंग्रजी कोश घेऊन बसले. तोवर संगणक तसाच पडून. मॅडम चिडल्या, मी हात वर केले. बाराव्या दिवशी काका आले आणि मला सगळ्या कराराचं सार तोंडी सांगितलं : एका वेळी एकच मशीन. मशीन बदललं तर परवाना नव्यावर नेता येतो, पण जुन्यावरून आधी काढायचा. "बाकी सगळं आपल्याला भेव दाखवायला लिहिलं आहे," म्हणाले. "आता दाबा." मी बटण दाबलं. त्या वेळी मला हसू आलं होतं. आता मला वाटतं, तो करार अथपासून इतिपर्यंत वाचणारा अख्ख्या माळव्यात तो एकच माणूस असेल.

चिठ्ठी त्यांनी एका फडक्यात बांधली. भैरवगढला त्यांच्या घराच्या दोन्ही बाजूंना कापडावर ठसे मारणारे कारागीर राहतात. ठसा चुकला की तो तुकडा बाद. तसले बाद तुकडे काका मागून आणायचे आणि शाळेतली प्रत्येक महत्त्वाची वस्तू त्यात बांधायचे. बांधायची त्यांची एक रीत होती. घड्या अशा घालायच्या की वरच्या पदरावरची लाल बुट्टी खालच्या पदरावरच्या बुट्टीला बरोबर भिडेल आणि मधला सांधा दिसणारच नाही. मला ती हौस वाटायची. कुलूप आहे हे माझ्या ध्यानात आलं नाही.

आता माझी गोष्ट सांगतो. ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

माझ्या खोलीवर एक जुना संगणक होता. उज्जैनमधल्याच देवास गेटजवळच्या एका दुकानातून घेतलेला. त्यात दुकानदारानं घातलेली सिस्टिम चोरीची होती. दर तासाला पडदा काळा पडायचा आणि "ही प्रत खरी नाही" असं यायचं. शाळेच्या प्रश्नपत्रिका मी घरी त्यावरच करायचो, म्हणजे माझ्या लेखी ते शाळेचंच काम होतं. मनाला समजवायला एवढं पुरतं. एकदा मुख्य संगणक अडखळायला लागला आणि दुरुस्तीसाठी मी काकांकडे सीडी मागितली. त्यांनी विचारलं, चिठ्ठी लागेल? मी म्हणालो, नाही, दुरुस्तीला की लागत नाही. तरी त्यांनी अख्खा डबा दिला. वस्तूचे भाग करून देणं त्यांच्या रीतीत बसत नव्हतं. माझी सही घेतली : डबा एक, सीडी एक, चिठ्ठी एक, फडकं एक. तासाभरात मी सीडीची नक्कल केली, फडकं सोडलं, पंचवीस अक्षरं वहीत उतरवली आणि होतं तसं बांधलं. संध्याकाळी त्यांनी चारही वस्तू मोजून घेतल्या. मग फडक्याकडे थोडा वेळ बघत राहिले. सोडलं, बुट्टीला बुट्टी भिडवून पुन्हा बांधलं आणि कपाटात ठेवलं.

घरच्या संगणकानं ती की मुकाट्यानं घेतली. मला फार अपराधी वाटलं असं म्हणणार नाही. डबा जागेवर, सीडी जागेवर, चिठ्ठी जागेवर. जिच्यात काहीच कमी होत नाही ती चोरी कसली, असा माझा युक्तिवाद होता. दोन वर्षं तो टिकला.

मग एका दुपारी वीज गेली आणि आली ती अशी जोरात आली की मुख्य संगणकाचा मदरबोर्ड जळाला. खोलीत वास सुटला. काकांनी जळका बोर्ड जप्त केल्यासारखा ताब्यात घेतला. देवास गेटवरून एक मिस्त्री आला, साठीला टेकलेला, सावकाश माणूस. मंगळवारी त्यानं नवा बोर्ड बसवला. माहिती सगळी शाबूत होती. मदरबोर्ड बदलला की सिस्टिम तो संगणकच नवा धरते आणि परवाना पुन्हा मागते. म्हणून काकांनी चिठ्ठी आणली आणि स्वतः एकेक अक्षर उच्चारून मिस्त्रीला सांगितलं. मिस्त्रीनं की टाकली आणि पडद्याकडे बघत म्हणाला, "ये की तो कहीं और चल रही है, साहब."

मी पडद्याकडे बघितलंच नाही. मी काकांकडे बघितलं. ते खिशातली छोटी वही काढून त्यात काहीतरी लिहीत होते.

बातमी मॅडमच्या कानावर गेलीच. परवाना पुन्हा चालू झाला नाही तर तो संगणक धड चालणार नव्हता, आणि सहामाहीचे गुण त्यातच अडकलेले. मॅडमनी स्टाफरूममध्ये येऊन शांतपणे सांगितलं की शाळेची वस्तू बाहेर गेली असेल तर ज्यानं नेली त्यानं पुढच्या पत्राची वाट बघू नये. त्याच महिन्यात माझं लग्न इंदूरला ठरलं होतं. होणाऱ्या सासऱ्यांनी "नोकरी पक्की आहे ना?" असं दोनदा विचारलं होतं आणि मी दोन्ही वेळा "होईलच" म्हणालो होतो. चोरीवरून काढलेल्या मास्तरला कुणी मुलगी देत नाही, दुसरी शाळाही घेत नाही.

काकांनी खात्री करायला सुरुवात केली. ज्याच्या त्याच्या घरी संगणक किती, कोणता, त्यात सिस्टिम कोणी घातली. क्लार्कला विचारलं, गणिताच्या सरांना विचारलं, संस्थेच्या सचिवांना सुद्धा विचारलं. शाळेत सगळे एकमेकांकडे तिरपे बघायला लागले. मीही एक नीच काम केलं. काकांना एकट्यात गाठून म्हणालो, मिस्त्रीनंच तर की लिहून घेतली नसेल? ते म्हणाले, "त्याने घातली तेव्हा मी त्याच्या मागे उभा होतो. अन् घातली त्याच्या आधीपासून ती दुसरीकडे चालू होती." एवढंच.

गुरुवारी संध्याकाळी ते माझ्या खोलीवर आले. सायकलची कुलपं लावल्याचा आवाज आधी आला, एक, मग दुसरं. मी घाईघाईनं संगणक बंद केला आणि त्यावर चादर टाकली. ते बसले, चहा प्यायले, देवासच्या पाण्याची चौकशी केली, माझ्या लग्नाची केली. मुलगी काय शिकली आहे, वडील काय करतात, सगळं. चादरीकडे एकदाही पाहिलं नाही. उठताना मात्र त्यांनी आधारासाठी हात टेकला तो नेमका त्या चादरीवर, संगणकाच्या डब्याच्या डोक्यावर. तो डबा तेव्हा चांगला तापलेला असणार. भैरवगढहून रोज सायकल मारणाऱ्या माणसाला खुर्चीवरून उठायला आधार लागतो, यावर माझा विश्वास बसला नाही. ते गेल्यावर मी बराच वेळ त्या चादरीवर हात ठेवून उभा होतो.

दुसऱ्या दिवशी मॅडमच्या खोलीत कंपनीला फोन लावायचं ठरलं. तो शुक्रवार होता. मला पक्कं आठवतं, कारण शुक्रवारी मॅडमचा उपास असायचा आणि टेबलावर साबुदाण्याच्या खिचडीचा डबा उघडा होता, वर फरियाली मिक्स्चर पसरलेलं. मॅडम, क्लार्क, काका आणि मी. फोन स्पीकरवर. आधी यंत्राचा आवाज आला. मी पडद्यावरून उतरवून आणलेले आकडे वाचत गेलो, सहासहाचे नऊ गट, आणि काका प्रत्येक आकड्याखाली पेन्सिलीनं टिंब देत गेले. यंत्रानं नकार दिला. मग एक बाई बोलू लागल्या. नम्र आवाज, हिंदी. त्यांनी विचारलं, "सर, ये कॉपी अभी कितने कंप्यूटर पर चल रही है?"

मी "एक" म्हणायला तोंड उघडलं. काकांनी फोन स्वतःकडे ओढला आणि माझ्याकडे पाहिलं. हातांकडे नाही. चेहऱ्याकडे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मग फोनकडे वळून म्हणाले, "दो."

मॅडमनी चमचा खाली ठेवला. "दोन? दोन कुठून आले काका?"

"रजिस्टरमध्ये वस्तू जोपर्यंत कंडम होत नाही मॅडम," काका म्हणाले, "तोपर्यंत ती चालू धरतात. मग ती जळलेली का असेना."

मग क्लार्क फिसकन हसला, आणि मॅडमना हसू आवरेना. म्हणजे तो जळका बोर्ड, जो काकांच्या कपाटात पडला आहे, तोही एक संगणक. म्हणजे दुसरीकडे चालतंय ते हेच, काकांच्या रजिस्टरमध्ये. डोळे पुसत मॅडम म्हणाल्या की तीन दिवस त्यांनी सगळ्या स्टाफवर उगाच डोळे वटारले, आणि भानगड निघाली ती काकांच्या वहीची. फोनवरच्या बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी सांगितलं, चालेल एकावरच. दुसऱ्यावरून काढा आणि पुन्हा फोन करा. काकांनी विचारलं, काढायला किती दिवस मिळतील. त्या म्हणाल्या, तुम्ही सांगाल तितके.

"आठ," काकांनी ठरवून टाकलं. फोन ठेवून मला म्हणाले, "आठ दिवसांत दुसऱ्या मशीनवरून काढून टाका सर. कसं काढतात ते तुम्हाला मालूम आहे. मग मी फोन करीन अन् एक सांगीन."

जळलेल्या बोर्डावरून काहीच काढता येत नाही. हे मला माहीत होतं, मॅडमना आणि क्लार्कला नव्हतं. काकांना होतं का? त्यांनी करार वाचला होता, पण मदरबोर्ड आणि खिडकीचा गज यांतला फरक त्यांना कळत असेल याची मला खात्री नव्हती. हा माणूस खरंच इतका खुळा आहे, की खेळवतोय मला? मी त्याच संध्याकाळी घरी जाऊन सगळं पुसून टाकलं आणि फुकट मिळणारी दुसरी एक सिस्टिम घातली. वहीतलं ते पान फाडलं. आठव्या दिवशी त्यांनी विचारलं, "काढलं?" मी म्हणालो, काढलं. त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं, "बराबर" म्हणाले आणि फोन लावला. "एक," त्यांनी सांगितलं. दोन मिनिटांत परवाना चालू झाला. चिठ्ठी फडक्यात गेली, फडकं कपाटात.

तेव्हापासून शाळेत त्यांचं नाव पडलं, दोन मशीनवाले. कुणी रजा मागितली की क्लार्क म्हणायचा, आजची हजेरी किती लावू, एक का दोन? गॅदरिंगमध्ये सचिवांनी भाषणात तो किस्सा सांगितला आणि सभागृह खळखळून हसलं. काका पहिल्या रांगेत बसले होते, कोटाचे खिसे चाचपत. मी त्यांच्या मागच्याच रांगेत होतो, आणि मीही हसलो. इतरांपेक्षा जरा जास्तच मोठ्यानं हसलो असेन, कारण न हसणारा डोळ्यांवर येतो. आठवलं की आजही लाज वाटते.

पत्र मिळालं, लग्न झालं, पुढे नोकरी पक्की झाली. पण एक गोष्ट सुटली नाही. काका निवृत्त होईपर्यंत मी त्यांच्याशी कधी मोकळेपणानं बोलू शकलो नाही. ते कॉरिडॉरमधून समोर आले की वाटायचं, आज बोलतील. एखादा कागद सहीला पुढे केला की वाटायचं, यातच आहे. आपलं गुपित कुणाला माहीत असेल तर तो ते कधीतरी वापरतोच, असं मी धरून चाललो होतो. संशय घ्यायचा तो शाळेत एकच माणूस, असं सगळे म्हणत. खरं तर मीच त्यांच्यावर संशय घेत होतो, दिवसातून चार वेळा, आणि त्यांच्यासारखी खात्री करायची माझी छाती नव्हती. त्यांना निरोप देताना मी हार घातला तेव्हा मनात दुःख नव्हतं. सुटल्यासारखं वाटलं.

त्यांच्यानंतर स्टॉक विज्ञानाच्या बाईंकडे गेला आणि त्या गेल्यावर यंदा माझ्याकडे आला. गेल्या महिन्यात संगणकांची खोली बदलायची ठरली. जुने सगळे संगणक कंडम करायचे होते. नोंद कोणत्या भाषेत लिहायची हे बघायला मी काकांच्या वेळचं रजिस्टर काढलं. अक्षर मोत्यासारखं. पानं उलटत गेलो तर एका ओळीवर बोट थांबलं. "मदरबोर्ड, मुख्य संगणक, जळालेला, नग एक. कंडम." खाली मॅडमची सही, नेहमीसारखी, अर्धी रेघेच्या बाहेर. आणि तारीख नवा बोर्ड बसवला त्याच्या दुसऱ्याच दिवसाची, पुढे वार : बुधवार.

फोन शुक्रवारी केला होता. खिचडीच्या दिवशी.

म्हणजे त्या शुक्रवारी काका "दो" म्हणाले तेव्हा जळका बोर्ड रजिस्टरमधून दोन दिवस आधीच गेला होता. मॅडमनीच सही केली होती आणि त्यांच्या ध्यानातही नव्हतं. दुसरं मशीन ते नव्हतंच. दुसरं मशीन माधव नगरात चादरीखाली होतं, आणि ते त्यांना आदल्या संध्याकाळी हाताला गरम लागलं होतं. मी त्यांचं वाक्य पुन्हा आठवून पाहिलं. त्यात खोटं काही नव्हतं. त्यांनी फक्त नियम सांगितला होता. कंपनीला खरा आकडा दिला, मला आठ दिवस दिले आणि मॅडमना हसायला स्वतःला दिलं. मग नोकरीची उरलेली सगळी वर्षं ते नाव अंगावर वागवलं. रजिस्टर उघडून एक ओळ दाखवली असती तर त्यांची अब्रू परत आली असती आणि माझी गेली असती. त्यांनी ते उघडलं नाही. मी त्या खोलीत एकटाच होतो आणि मला रडू आलं, ते लपवायचं काही कारण नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर रजिस्टर स्कूटरला लावलं आणि भैरवगढ गाठलं. काका ओट्यावर बसले होते. कोट नव्हता, त्यामुळे अर्धे झालेले दिसले. शेजारी ओले छापलेले पलंगपोस वाळत होते. मी नमस्कार केला. त्यांनी हातांकडे पाहिलं आणि रजिस्टर बघून एकदम ताठ बसले. मी पान उघडून त्यांच्यापुढे धरलं, वारावर बोट ठेवलं. वाटेत बरंच काही ठरवून आलो होतो. त्यातलं "काका, तुम्हाला" एवढंच बाहेर पडलं.

त्यांनी चष्मा पुसला. ओळ वाचली, सही पाहिली, वर-खाली दोन नोंदी तपासल्या. मग मान वर केली.

"हे रजिस्टर शाळेच्या बाहेर कोणाला विचारून आणलं?"

मी म्हणालो, काका, आता स्टॉक माझ्याकडेच आहे.

"मग खुलासा पण तुम्हीच मागा," ते म्हणाले. "लेखी. अन् उद्या शाळा भरायच्या आत हे जागेवर पाहिजे."

काकू चहा घेऊन आल्या. आम्ही दोघं प्यायलो. निघताना त्यांनी आतून एक फडकं आणलं, रजिस्टर त्यात ठेवलं आणि घड्या घातल्या. दोनदा चुकल्या, त्यांनी दोन्ही वेळा सोडून पुन्हा घातल्या. तिसऱ्या वेळी बुट्टीला बुट्टी भिडली. सांधा दिसेनासा झाला तेव्हा त्यांनी ते माझ्या हातात दिलं.

रजिस्टर सकाळी जागेवर गेलं. स्वतःला खुलासाही मागितला, रजिस्टरचा नव्हे, त्या पंचवीस अक्षरांचा, आणि त्याच दिवशी उत्तर लिहिलं. शाळेचं काम, जुना संगणक, कमी वय, सगळं लिहिलं. वाचून पाहिलं तेव्हा कळलं की त्यात कारणं दिली आहेत, चूक कबूल केलेली नाही. मी त्यावर लाल शाईत तसा शेरा मारला आणि तो पहिला खुलासा फायलीला लावला.

हा दुसरा.